रेम्ब्रँटचा कित्ता



आपल्या वार्तापत्रातील चरित्रांच्या पानावर या वेळी ज्याची ओळख करून द्यायची आहे तो संत नाही, देशभक्त नाही आणि माळव्याच्या मातीला त्याचे पाय कधी लागलेले नाहीत. तो हॉलंडचा चित्रकार. त्याचे नाव रेम्ब्रँट. त्याला जाऊन साडेतीनशे वर्षे उलटून गेली.

या निवडीला कारण घडले ते आपल्या चित्रकलेच्या वर्गाचे. वरच्या इयत्तांतील मुले यंदा प्रथमच तैलरंग हाताळीत आहेत. कलाशिक्षकांनी त्यांच्यापुढे एका जुन्या चित्राची छापील प्रत ठेवली आहे आणि ती पाहून हुबेहूब तसे रंगवायला सांगितले आहे. चित्रात डोक्यावर सोनेरी शिरस्त्राण घातलेला एक वयस्क माणूस आहे. सगळीकडे काळोख, चेहरा अर्धा सावलीत, आणि शिरस्त्राण तेवढे झळाळते आहे. यावर काही पालकांनी आम्हांला विचारले की मुलांच्या कल्पनेला वाव द्यायचे सोडून दुसऱ्याचे चित्र उतरवायला का लावता? प्रश्न रास्त आहे. शाळेत कॉपी हा शब्द नुसता उच्चारला तरी पर्यवेक्षक खुर्चीवरून उठतात! शिवाय तैलरंगाच्या नळ्या स्वस्त नाहीत, आणि विश्वस्तांना वर्षाअखेर त्याचा हिशेब द्यावा लागतो. या प्रश्नाला नियमांचे उत्तर देण्यापेक्षा, ज्याच्या नावाने ते चित्र जगभर ओळखले गेले त्याचे आयुष्यच सांगावे असे आम्हांला वाटले. त्या चित्राची स्वतःची एक गोष्ट आहे, ती शेवटी सांगू.

रेम्ब्रँटचा जन्म १५ जुलै १६०६ रोजी लायडन या गावी झाला. म्हणजे शिवनेरीवर शिवाजी महाराज जन्मले तेव्हा तो २३ वर्षांचा होता. वडील हार्मेन यांची ऱ्हाइन नदीच्या काठी पवनचक्की होती. बिअरसाठी मोड आणून वाळवलेले जव तिच्यात दळले जात. या नदीवरूनच घराण्याला फान ऱ्हाइन हे नाव पडले. आई पाववाल्याची मुलगी. घर खाऊनपिऊन सुखी, पण बड्या लोकांत मोडणारे नव्हे. भावंडांत रेम्ब्रँट नववा. इतर भाऊ हातकामाच्या धंद्यांत गेले. याला मात्र लॅटिन शाळेत घातले आणि १६२० मध्ये, वयाच्या १४व्या वर्षी, लायडन विद्यापीठाच्या पटावर त्याचे नाव चढले. तेथे त्याचे मन रमले नाही. आईवडिलांनी त्याला तेथून काढून गावातील याकोप फान स्वाननबुर्ख या चित्रकाराच्या हाताखाली ठेवले. पोराने शिकून मोठ्या हुद्द्यावर जावे अशी आस धरलेल्या कुटुंबाला हा निर्णय जड गेला असेल, हे आपल्यापैकी अनेक पालकांना सांगायला नको.

त्या काळी चित्रकलेची महाविद्यालये नव्हती. गुरूच्या घरी राहायचे किंवा रोज जायचे, त्याला ठरलेले पैसे द्यायचे आणि पडेल ते काम करायचे. रंग नळीत मिळत नसत. माती, गेरू, जाळलेल्या हाडांचा काळा, शिशापासून केलेला सफेदा हे सगळे दगडी पाट्यावर जवसाच्या तेलात घोटून तयार करावे लागे. नवा मुलगा प्रथम तेच करी. मग गुरूची रेखाटने आणि छापील चित्रे पाहून उतरवायची, त्यानंतर मातीचे किंवा चुन्याचे पुतळे, आणि सर्वांत शेवटी समोर बसलेला जिवंत माणूस. ही चढण कोणालाच चुकत नसे. आपल्याकडे तबला शिकणारा एकच कायदा महिनोन्‌महिने घोटतो, किंवा अक्षर वळणदार व्हावे म्हणून कित्ता गिरवला जातो, त्यातलाच हा प्रकार. कित्ता हा शब्दच मुळी समोर ठेवून उतरवण्याच्या नमुन्यासाठी आहे. तो गिरवणाऱ्याला कोणी चोर म्हणत नाही.

स्वाननबुर्खकडे रेम्ब्रँट सुमारे तीन वर्षे होता. पुढे तो ॲमस्टरडॅमला पीटर लास्टमन या नामांकित चित्रकाराकडे गेला. तेथे तो जेमतेम सहा महिनेच राहिला, पण खरा फरक त्या सहा महिन्यांनी पडला. लास्टमन इटलीला जाऊन आलेला होता. बायबलमधील आणि इतिहासातील प्रसंग नाटकातल्या प्रवेशासारखे कसे मांडायचे हे त्याला साधले होते. रेम्ब्रँटने गुरूची चित्रे नुसती पाहिली नाहीत. लायडनला परतून स्वतःची चित्रशाळा काढल्यावर त्याने तेच विषय पुन्हा हाती घेतले. लास्टमनने १६२२ मध्ये बलाम आणि त्याची गाढवी हा बायबलमधील प्रसंग आडव्या चित्रात रंगवला होता. रेम्ब्रँटने १६२६ मध्ये तोच प्रसंग घेतला, गाढवी घेतली, हातात तलवार असलेला देवदूतही घेतला. पण चित्र उभे केले, पात्रे एकमेकांच्या जवळ ओढली आणि देवदूताला गाढवीच्या मागे वर उचलून नेले. दोन्ही चित्रे शेजारी ठेवली तर विद्यार्थ्याने गुरूचा कित्ता कोठे गिरवला आणि कोठे सोडला हे शाळकरी मुलालाही बोट ठेवून दाखवता येईल.

आता उजेडाविषयी थोडे सांगायला हवे, कारण रेम्ब्रँट म्हटले की लोकांना प्रथम तोच आठवतो. हा उजेड त्याने एकट्याने शोधला नाही. रोममध्ये काराव्हाज्जो नावाच्या चित्रकाराने (१५७१ ते १६१०) एका बाजूने पडणारा झगझगीत उजेड आणि बाकी गडद अंधार अशी चित्रे रंगवून खळबळ उडवून दिली होती. हॉलंडच्या उत्रेख्त गावचे काही तरुण चित्रकार रोमला जाऊन ती तऱ्हा शिकून आले. रेम्ब्रँट स्वतः इटलीला कधीच गेला नाही. त्याच्यापर्यंत ही रीत दुसऱ्यांच्या हातून, म्हणजे एका अर्थाने नकलेची नक्कल होऊनच पोहोचली. या रीतीचा अनुभव घ्यायला आपल्याला लांब जायला नको. नवरात्रात हरसिद्धीच्या मंदिरातील दोन्ही दीपमाळा पेटतात तेव्हा वर दिव्यांकडे न पाहता खाली उभ्या असलेल्या माणसांकडे पाहा. कपाळ, नाक आणि गालाचे एक हाड उजळलेले असते. दुसरा डोळा सावलीत बुडालेला असतो, तरी तो तेथे आहे हे आपल्याला कळते. रेम्ब्रँटने आयुष्यभर रंगवला तो हा दुसरा, न दिसणारा डोळा.

हे तैलरंगात कसे साधते ते आमच्या मुलांना आता हात काळे करून कळू लागले आहे. पांढऱ्या कागदावर जलरंगाने काम करताना आपण उजेडाकडून अंधाराकडे जातो. रेम्ब्रँटची रीत उलटी होती. कॅनव्हासला आधी तपकिरी किंवा करड्या रंगाचे अस्तर. त्यावर एकाच गडद मातकट रंगात सगळ्या चित्राची मांडणी, त्यात उजेड कोठे आणि सावली कोठे एवढेच ठरवायचे. ते वाळल्यावर मागच्या भागापासून पुढे येत येत रंग चढवायचे. सावल्या पातळ ठेवायच्या, इतक्या की खालचे अस्तर त्यांतून दिसावे. उजेडाच्या जागी मात्र सफेदा मिसळलेला घट्ट रंग असा थापायचा की बोटाला उंचवटा लागावा. तो उंचवटा खोलीतला खराखुरा उजेड पकडतो, म्हणून चित्रातले सोने सोन्यासारखे चमकते, प्रत्यक्षात त्यात सोन्याचा कण नसतो. घाई केली तर ओला रंग ओल्यात मिसळून चिखल होतो. तैलरंग पाण्यासारखा उडून वाळत नाही. तेल हवेतील प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होते आणि त्याला दिवसच्या दिवस लागतात. मुलांना काही शिकायला मिळत असेल तर त्यात हे थांबणे आलेच.

एक अडचण मात्र मान्य केली पाहिजे. छापील प्रतीत रंगाचा हा जाड-पातळपणा दिसत नाही; कागद सगळीकडे सारखाच गुळगुळीत. चित्र उतरवायचे तर एकदा तरी खरे जुने तैलचित्र डोळ्यांनी पाहायला हवे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात टाटा घराण्याच्या संग्रहातील जुनी युरोपीय चित्रे आहेत. आपल्याला त्याहून सोयीचे म्हणजे बडोदे. सयाजीराव गायकवाड महाराजांनी युरोपातून चित्रे आणवून तेथे चित्रसंग्रहालय उभारले, ते १९२१ मध्ये खुले झाले. उज्जैनहून रतलाममार्गे गाडीने बडोद्याला जाता येते. सहलीचा विषय पुढच्या सभेत निघेल तेव्हा विश्वस्तांनी याचाही विचार करावा, एवढेच येथे सुचवतो आणि पुन्हा रेम्ब्रँटकडे वळतो.

लायडनमध्येच, १६२८ साली, त्याच्याकडे पहिला शिष्य आला. त्याचे नाव गेरिट डाऊ, वय १४. गुरूचे वय अवघे २१! सन १६३१च्या सुमारास रेम्ब्रँट ॲमस्टरडॅमला गेला आणि हेंड्रिक आयलेनबुर्ख या चित्रविक्रेत्याकडे राहून काम करू लागला. दुसऱ्याच वर्षी त्याने डॉक्टर टुल्प यांचा शवविच्छेदनाचा वर्ग रंगवला. गडद पार्श्वभूमी, मध्ये मृतदेहावर पडलेला उजेड आणि भोवती पुढे वाकलेले चेहरे. या एका चित्राने २६ वर्षांचा हा तरुण शहरातला सर्वांत मागणी असलेला चित्रकार झाला. १६३४ मध्ये आयलेनबुर्खच्या नात्यातील सास्किया हिच्याशी त्याचे लग्न झाले. ती सुखवस्तू घरातली, पोरकी आणि हसऱ्या चेहऱ्याची. त्याने तिला कितीदा तरी रंगवले आहे.

शिष्यांची रीघ लागली. रेम्ब्रँट प्रत्येकाकडून वर्षाला १०० गिल्डर घेत असे असे त्याच्या काळच्या एका चित्रकाराने नोंदवले आहे. ती रक्कम लहान नव्हती. शिष्यांनी केलेल्या प्रती गुरूच्या दुकानातून विकल्या जात आणि पैसा गुरूचा. हा शिरस्ताच होता. बर्लिनमध्ये त्याच्या हातचा लाल खडूने काढलेला एक कागद जपून ठेवलेला आहे. समोरच्या बाजूला लास्टमनच्या एका चित्राची रेम्ब्रँटने स्वतः केलेली नक्कल आहे, आणि ती त्याने गुरुगृह सोडल्यावर कितीतरी वर्षांनी, नावलौकिक झाल्यावर केलेली. त्याच कागदाच्या पाठीवर, शिष्यांची कोणती कामे कितीला विकली याचा त्याच्याच हस्ताक्षरातील हिशेब आहे. एका बाजूला शिकणारा आणि दुसऱ्या बाजूला शिकवणारा, मध्ये एका कागदाची जाडी. आम्हांला विचाराल तर त्याचे सगळे चरित्र या कागदावर आहे.

त्याची शिकवण्याची पद्धत दाखवणारी आणखी एक जोडी आहे. १६३५ मध्ये त्याने अब्राहम आपल्या मुलाचा बळी देत असतानाचा प्रसंग रंगवला. ते चित्र आज सेंट पीटर्सबर्गला आहे. पुढच्या वर्षी एका शिष्याने त्याची प्रत केली, ती म्युनिकला आहे. प्रत म्हटली तरी ती तंतोतंत नाही. मूळ चित्रात देवदूत बाजूने येतो, प्रतीत तो अब्राहमच्या मागून झेपावतो. आणि त्या चित्रावर अक्षरे आहेत, त्यांचा अर्थ असा की रेम्ब्रँटने हे बदलले आणि यावरून रंग दिला, १६३६. म्हणजे कित्ता गिरवताना वेगळे काही करून पाहायला मुभा होती, आणि गुरू हातात कुंचला घेऊन शिष्याच्या कॅनव्हाससमोर उभा राहत होता.

गुरू झाल्यावर त्याचे स्वतःचे गिरवणे संपले नाही. लिओनार्दोचे शेवटचे भोजन हे भित्तिचित्र त्याने कधी पाहिले नव्हते, पण त्याचे छापचित्र मिळवून लाल खडूने ते उतरवले आणि उतरवता उतरवता पात्रांच्या हालचाली बदलल्या. १६३९ मध्ये ॲमस्टरडॅमला राफाएलने केलेल्या एका व्यक्तिचित्राचा लिलाव झाला. रेम्ब्रँट तेथे हजर होता. चित्र ३,५०० गिल्डरला गेले. त्याने बसल्या बसल्या त्याचे भराभर रेखाटन केले आणि शेजारी किंमतही लिहून ठेवली. पुढच्याच वर्षी त्याने स्वतःचे चित्र रंगवले, त्यात बसण्याची ढब त्याच चित्राच्या वळणाची आहे. स्वतःचा चेहरा तर त्याने आरशात पाहून आयुष्यभर उतरवला. रंगवलेली, तांब्याच्या पत्र्यावर तेजाबाने कोरलेली आणि रेखाटलेली अशी त्याची स्वतःची सुमारे ८० चित्रे आहेत.

१६३९ मध्येच त्याने १३,००० गिल्डरचे मोठे घर घेतले. ही रक्कम त्याच्याजवळ नव्हती. बरीचशी हप्त्यांनी फेडायची होती, आणि ती पुरी कधीच फिटली नाही. घरात दुःखही आले. पहिली तिन्ही मुले तान्हेपणीच दगावली. १६४१ मध्ये झालेला टायटस तेवढा जगला, पण त्याच्या पहिल्या वाढदिवसाआधीच, १६४२ च्या जूनमध्ये, सास्किया गेली.

त्याच वर्षी त्याचे सर्वांत गाजलेले चित्र पुरे झाले. नागरी पलटणीचे हे भव्य चित्र लोक रात्रीचा पहारा म्हणून ओळखतात. खरे तर ते दिवसाचे आहे. वरचे रोगण काळवंडल्याने रात्र वाटू लागली आणि नाव पडले. १७१५ मध्ये ते नगरभवनात हलवताना भिंतीत मावेना म्हणून चारी बाजूंनी चक्क कापले. डाव्या बाजूची मोठी पट्टी तिच्यातल्या माणसांसह गेली ती कायमची. आता पालकांनी लक्ष द्यावे अशी गोष्ट. गेरिट लुंडन्स नावाच्या चित्रकाराने कापण्यापूर्वी त्या चित्राची एक लहानशी प्रत करून ठेवली होती. मूळ चित्र कसे होते हे आज कळते ते त्या प्रतीमुळे. २०२१ मध्ये ॲमस्टरडॅमच्या राइक्सम्युझियमने तिच्याच आधारे, संगणकाच्या साहाय्याने गेलेले भाग मूळ आकारात तयार केले आणि काही महिने चित्राभोवती जोडून लोकांना दाखवले.

पुढची वर्षे सांगताना आम्ही काही लपवणार नाही. टायटसला सांभाळायला ठेवलेल्या गेर्ट्ये डिर्क्स या बाईशी त्याचे संबंध जुळले, बिघडले, तिने कोर्टात दाद मागितली, आणि १६५० मध्ये तिला सुधारगृहात डांबण्यात आले. त्यामागे रेम्ब्रँटचा हात होता. चित्रात म्हाताऱ्यांचे आणि गरिबांचे चेहरे इतक्या मायेने रंगवणारा हा माणूस तिच्याशी निष्ठुरपणे वागला. याच सुमारास हेंड्रिक्ये स्टोफेल्स त्याच्या घरात आली आणि अखेरपर्यंत त्याच्याबरोबर राहिली. त्यांना १६५४ मध्ये कोर्नेलिया ही मुलगी झाली. हेंड्रिक्येशी लग्न न करता तो राहिला म्हणून चर्चने तिला बोलावून दोष दिला.

पैशाचे गणित त्याला कधीच जमले नाही. मिळेल ते तो चित्रे, छापचित्रे, शंख, शस्त्रे, पुतळे, जुने कपडे यांवर उधळी. १६५६ मध्ये त्याने दिवाळे जाहीर केले. अधिकाऱ्यांनी घरातील वस्तूंची यादी केली, ती ३६३ कलमांची भरली. एकेक वस्तू लिलावात गेली. १६५८ मध्ये घरही गेले, तेही घेतल्या किमतीपेक्षा कमीला.

आणि याच पडत्या काळात, पन्नाशीच्या माणसाने, काय केले असेल? आपल्या मुघल चित्रांचा कित्ता गिरवला. डच ईस्ट इंडिया कंपनीची वखार सुरतेला होती, तीच सुरत जिच्यावर १६६४ मध्ये महाराजांनी छापा घातला. कापड आणि नीळ यांबरोबर मुघल लघुचित्रेही हॉलंडच्या बाजारात पोहोचत. १६५६ ते १६६१ च्या दरम्यान रेम्ब्रँटने अशी चित्रे पाहून शाईने रेखाटने केली. त्यांपैकी २३ आज शिल्लक आहेत. शाहजहान, दारा शुकोह, घोड्यावरचे सरदार, झाडाखाली बसलेले चार वृद्ध. ही रेखाटने साध्या कागदावर नाहीत, पूर्वेकडून आलेल्या महागड्या कागदावर आहेत. दिवाळखोराने त्यासाठी पैसे कोठून आणले हे त्याचे त्यालाच ठाऊक! एरवी दोन झटक्यांत आकृती उभी करणारा त्याचा हात येथे आवरलेला दिसतो. पागोट्याचे पेच, पायघोळ जाम्याची झिरझिरीत किनार, कमरेचा शेला सारे तो जपून पाहतो. मुघल चित्रात उजेड सगळीकडे सारखा असतो, सावली पडत नाही. याला राहवले नाही. माणसे उतरवून झाल्यावर त्याने पातळ शाईचा हात फिरवून त्यांना सावल्या दिल्या. झाडाखालच्या चार वृद्धांची बैठक तर त्याने १६५६ च्या एका छापचित्रात अब्राहम आणि त्याच्या दारी आलेल्या देवदूतांना देऊन टाकली. जमिनीवर पंगतीला बसल्यासारखे बसलेले ते बायबलमधील पाहुणे पाहून आपल्याला परके वाटत नाही ते यामुळे.

येथे उज्जैनकरांनी एक क्षण थांबावे. ज्या बापलेकांना रेम्ब्रँट ॲमस्टरडॅममध्ये बसून रेखाटत होता त्यांच्या घरातील भाऊबंदकी त्याच सुमारास आपल्या दारात आली होती. १६५८ च्या एप्रिलमध्ये उज्जैनपासून थोड्याच अंतरावर, फतेहाबादजवळ धर्मत येथे औरंगजेब आणि मुराद यांनी जसवंतसिंहांच्या हाताखालील शाही फौजेचा पराभव केला. रतलामचे रतनसिंह तेथेच पडले. त्यांची छत्री आजही आहे. त्या वर्षी शाहजहान आग्र्यात कैदेत गेला, दुसऱ्या वर्षी दाराला मारले. आणि इकडे चित्रकाराचे घर लिलावात निघाले. दोघांना एकमेकांचे नाव ठाऊक नव्हते, पण राज्य गमावणाऱ्या बादशहाला घर गमावणाऱ्या चित्रकाराने कागदावर सांभाळून ठेवले.

ही देवाणघेवाण एकेरी नव्हती. त्याच्याही आधी, अकबराच्या अखेरच्या वर्षांत, अबुल हसन नावाच्या मुलाने जर्मन चित्रकार ड्यूररच्या छापचित्रातील संत जॉनची आकृती पाहून उतरवली होती. तेव्हा तो १३ वर्षांचा होता. पुढे तो जहांगिराचा लाडका चित्रकार झाला. आपल्या वर्गातील मुलांच्याच वयाचा हा मुलगा.

रेम्ब्रँटची शेवटची वर्षे एका भाड्याच्या घरात गेली. धनकोंचा ससेमिरा चुकवण्यासाठी हेंड्रिक्ये आणि टायटस यांनी १६६० मध्ये चित्रविक्रीची पेढी काढली आणि रेम्ब्रँटला तिच्यात कामाला ठेवले. बाप कागदोपत्री मुलाचा नोकर झाला. नगरभवनासाठी मागवलेले त्याचे प्रचंड चित्र काही महिन्यांतच भिंतीवरून उतरले आणि परत आले. त्याने ते कापून लहान केले, विकता यावे म्हणून. १६६३ मध्ये हेंड्रिक्ये गेली. १६६८ मध्ये, २६ वर्षांचा टायटस लग्नानंतर थोड्याच महिन्यांत वारला. ४ ऑक्टोबर १६६९ रोजी रेम्ब्रँटने डोळे मिटले. वेस्टरकेर्क या चर्चमध्ये भाड्याच्या, नाव नसलेल्या कबरीत त्याला पुरले. एवढ्या ओढगस्तीतही याच वर्षांत त्याने उधळ्या मुलाचे घरी परतणे रंगवले. गुडघे टेकलेल्या मुलाच्या पाठीवर आंधळ्यासारख्या म्हाताऱ्या बापाचे दोन हात आहेत, आणि सगळा उजेड त्या हातांवर आणि बापाच्या कपाळावर आहे.

तोवर लोकांची आवड बदलली होती. त्याचेच कित्येक शिष्य गुळगुळीत आणि लख्ख उजेडाची चित्रे काढून पैसे मिळवू लागले होते. एक तेवढा सुटला नाही. आर्ट दे गेल्डर हा १६६०च्या दशकात, म्हणजे गुरूचे दिवस फिरल्यावर, त्याच्याकडे येऊन शिकला, आपल्या डॉर्ड्रेख्त गावी परतला आणि १७२७ मध्ये मरेपर्यंत, कोणी विचारो न विचारो, त्याच जाड रंगात आणि त्याच सावल्यांत काम करीत राहिला.

आता शिरस्त्राणवाल्या माणसाची गोष्ट. हे चित्र १८९७ मध्ये बर्लिनच्या संग्रहालयाकडे आले आणि रेम्ब्रँटची सर्वोत्तम कृती म्हणून प्रसिद्ध झाले. त्याच्या प्रती घराघरांत टांगल्या गेल्या. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रेम्ब्रँटच्या नावावर सहाशेहून अधिक तैलचित्रे होती. १९६८ पासून हॉलंडच्या अभ्यासकांच्या एका मंडळाने ती एकेक करून तपासायला घेतली, आणि गुरू कोणता, शिष्य कोणता हे वेगळे करता करता आकडा जवळपास निम्म्यावर आला. बर्लिनच्या तज्ज्ञांनीही आपल्या चित्राची कसून तपासणी केली. शिरस्त्राणावरचा रंगाचा बेसुमार थर आणि त्यामानाने सपाट चेहरा हे रेम्ब्रँटच्या हाताशी जुळेना. १९८५ च्या सुमारास त्यांनी जाहीर केले की हे चित्र त्याचे नाही. त्याच्या रीतीने काम करणाऱ्या, त्याच्या परिवारातल्या कोणाचे तरी आहे. म्हणजे आपली मुले ज्याचा कित्ता गिरवत आहेत त्यानेही रेम्ब्रँटचा कित्ता गिरवला होता. चित्र बर्लिनलाच आहे आणि लोक ते पाहायला जातात. ते सोने इतके उंच थापणाऱ्या त्या माणसाचे नाव कोणी शोधू शकलेले नाही.